विंचेस्टर १८९७ पंप गन: ७० मिमीचं काडतूस बसतं, पण उडवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका गृहस्थांच्या लायसन्सवर वारसाहक्काने आजोबांची बारा बोअरची विंचेस्टर मॉडेल १८९७ पंप गन (नळीखालचा दस्ता मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची शॉटगन) चढली आहे. बरीच वर्षं ती उडवलेली नाही. सोबत पत्र्याच्या डब्यात जुनी कागदी काडतुसं आहेत. दुकानात ७० मिमीची प्लास्टिकची काडतुसं मिळतात, ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत, अगदी सहज बसतात. मग रेंजवर जाऊन उडवायला हरकत आहे का?

आत्ता लगेच आहे. डब्यातली काडतुसं कधीच उडवू नका. ७० मिमीची उडवायची की नाही, ते चेंबर मोजल्यावर ठरेल. काडतूस सहज बसलं याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही, आणि जुन्या बंदुकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

काडतुसाच्या डब्यावर लिहिलेली लांबी ही उडवल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी पूर्ण उलगडल्यावरची असते. ७० मिमीचं घडी घातलेलं भरलेलं काडतूस हातात घेऊन मोजलं तर जेमतेम ५८-५९ मिमी भरतं. म्हणून ते ६५ मिमीच्या चेंबरमध्येही आरामात जातं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद होतो, सगळं ठीक दिसतं. बार झाल्यावर घडी उलगडते आणि तिच्या पाकळ्या चेंबर संपल्यावर लागणाऱ्या निमुळत्या भागात शिरतात. बारा बोअरची नळी मुळात १८.५ मिमीची. तिथे काडतुसाच्या तोंडाची जाडी आत आली की वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) आणि छर्‍यांना जायला वाट आणखी अरुंद होते आणि मागचा दाब चढतो. दर वेळी नळी फुटते असं नाही. बहुतेक वेळा धक्का जरा जोरात बसतो आणि टरफल अडकतं, एवढंच. म्हणून तर ‘आम्ही कायम हीच वापरतो’ असं सांगणारे भेटतात. पण शंभरेक वर्षांच्या पोलादावर, बोल्टच्या घासलेल्या कुलुपावर हा जादा भार पुन्हा पुन्हा टाकणं म्हणजे बंदूक हळूहळू मोडत नेणं आहे.

१८९७ चा पेच असा की ती १८९७ पासून १९५७ पर्यंत बनत राहिली, दहा लाखांहून जास्त निघाल्या, आणि या काळात चेंबरचं माप बदललं. सुरुवातीच्या अनेक बारा बोअरच्या बंदुकांचं चेंबर २ ५/८ इंच, म्हणजे ६६.७ मिमी आहे. नंतरच्यांचं २ ३/४ इंच, म्हणजे ७० मिमी. सोळा बोअरच्या जुन्या बंदुका २ ९/१६ इंचाच्या, म्हणजे ६५ मिमीच्या. उशिराच्या नळ्यांवर चेंबरची लांबी कोरलेली सापडते. जुन्यांवर फक्त बोअर आणि चोक (नळी तोंडाशी किती आवळली आहे ते) असतो, लांबी नसते. काही कोरलेलं नसेल तर चेंबर आखूड आहे असंच धरून चाला. हीच गोष्ट विंचेस्टर मॉडेल १२ च्या सोळा बोअरला आणि जुन्या वीस बोअरला लागू आहे. आणि बंदुकीवर १८९३ मॉडेल कोरलेलं असेल तर विषयच संपला. ती १८९७ ची आधीची आवृत्ती, काळ्या दारूसाठी बनलेली. आजची बिनधुराची दारू तिच्यात घालायचीच नाही. ती भिंतीवर शोभेल.

चेंबर घरी मोजायला काही जण स्टीलची सहा इंची पट्टी आत सरकवतात. ती साधारण १९ मिमी रुंद असते. बारा बोअरचं चेंबर पुढच्या टोकाला २० मिमीच्या थोडं वर असतं, तिथून नळी १८.५ पर्यंत निमुळती होते. म्हणजे पट्टी चेंबर संपल्यावर थांबत नाही, निमुळत्या भागात बरीच खाली उतरून अडकते, आणि आखूड चेंबर लांब दाखवते. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. चेंबर गेज ठेवणारा लायसन्सधारक गनस्मिथ गाठा. त्याच्याकडे गेज नसेल तर कमी उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा काढून मापता येतं. त्यात चेंबरची लांबी, निमुळत्या भागाचा उतार आणि गंजाचे खड्डे तिन्ही एकदम दिसतात. टेकडाऊन प्रकारची असेल तर नळी मॅगझिनसकट (काडतुसं भरायची खालची नळी) सुटी होते, त्यामुळे काम सोपं जातं.

मापाला लागूनच नळीची तपासणी करून घ्या. आतून आरपार उजेडाकडे बघताना नळीत प्रकाशाच्या गोल रेषा दिसतात. एखादी रेषा मधेच फुगली किंवा तुटली तर तिथे फुगवटा किंवा पोचा आहे. बाहेरून बोटं फिरवली तर फुगवटा डोळ्यांआधी बोटांना लागतो. चेंबरपासून पुढची पहिली वीस-पंचवीस सेंटिमीटर सगळ्यात महत्त्वाची, कारण दाब तिथेच सर्वाधिक असतो. तोंडाजवळचे बारीक गंजाचे ठिपके चालतील. चेंबरच्या पुढचे खोल खड्डे चालणार नाहीत.

आता यंत्रणा. या बंदुकीचा एक स्वभाव माहीत असल्याशिवाय तिच्यात जिवंत काडतूस घालू नये. चाप दाबून धरलेला असताना पुढचा दस्ता पुढे ढकलला, की बोल्ट बंद होताक्षणी बार होतो. आजच्या पंप बंदुकांत चाप एकदा सोडून पुन्हा दाबावा लागतो. १८९७ मध्ये तशी सोय नाही. मॉडेल १२ आणि जुन्या इथाका ३७ मध्येही नाही. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. त्यामुळे दस्ता सरकवताना बोट चापावर नाही, चापाच्या कड्यातही नाही; नळीच्या दिशेने सरळ, रिसीव्हरच्या (यंत्रणेच्या पोलादी पेटीच्या) अंगाला टेकवून ठेवायचं. नव्या पंप गनवर सराव झालेल्यांची बोटं इथे दगा देतात, कारण तिथे चूक झाली तरी काही घडत नाही.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. १८९७ चा घोडा, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारी हातोडी, उघड्यावर आहे आणि दस्ता मागे ओढला की बोल्ट रिसीव्हरच्या मागून बाहेर येऊन घोडा मागे लोटतो. पकड उंच असेल तर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी थेट त्याच्या वाटेत येते. पहिल्या बाराच्या उत्साहात बऱ्याच जणांचा हात इथे सोलला जातो. अंगठा कुंद्याच्या उजव्या कडेला ठेवायचा, कुंद्याच्या वरून ओलांडून घ्यायचा नाही.

वेगळा सेफ्टी खटका या बंदुकीला नाही. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे अडकवून, ठेवला की चापही अडतो आणि बोल्ट उघडणंही बंद होतं. हाच काय तो सेफ्टी. पण घोडा अर्ध्यावर आणायला जिवंत काडतुसावर अंगठ्याने तो धरून, चाप दाबून, हळूच खाली सोडावा लागतो. घामट बोट सुटलं की बार. म्हणून रेंजवर ही खाच वापरूच नका. उडवायच्या जागी उभं राहिल्यावरच काडतूस घाला, आणि थांबायचं असेल तर बोल्ट उघडा ठेवा.

रिकाम्या बंदुकीवर गनस्मिथकडून हे तपासून घ्या. घोडा अर्ध्या खाचेवर ठेवून चाप चांगल्या जोराने दाबला तरी घोडा सुटता कामा नये. पूर्ण मागे ओढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने ढकललं, किंवा कुंद्याच्या टाचेवर रबरी हातोडीने ठोकलं, तरी तो पडता कामा नये. पडला तर खाच झिजली आहे, आणि खाच कानशीने ‘नीट’ करून देतो म्हणणाऱ्याकडून बंदूक परत घ्या. बोल्ट पूर्ण बंद नसताना चाप दाबला तर घोडा फायरिंग पिनपर्यंत पोचता कामा नये. फायरिंग पिन पुढे-मागे मोकळी हलली पाहिजे. बोल्टमध्ये कित्येक वर्षांचं तेल सुकून डिंकासारखं घट्ट झालेलं असतं; पिन त्यात पुढे अडकून राहिली तर बोल्ट पुरता बंद व्हायच्या आधीच टोपीवर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी) आघात होतो. म्हणून बोल्ट उघडून रॉकेलने किंवा सॉल्व्हंटने धुऊन, सुकवून, अगदी पातळ तेल लावून पुन्हा बसवणं हे पहिलं काम. नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यात हालचाल असेल तर तीही काढून घ्या. टेकडाऊनमध्ये त्यासाठी समायोजनाची सोय असते. कुंद्याचा मनगटाएवढा बारीक भाग, जिथे तो रिसीव्हरला मिळतो, तिथे केसाएवढी चीर असेल तर पाच-दहा बारांत कुंदा दुभंगतो.

काडतुसांबद्दल. जुन्या कागदी काडतुसांचा मोह कळतो, पण खाडीकाठच्या दमट हवेत ती फुगतात. फुगलेलं काडतूस अर्ध्यात अडकतं आणि माणूस ते जोर लावून ढकलतो. पितळी बुडावर हिरवट थर असेल तर धातू खाल्ला गेला आहे, बुडातून गॅस मागे येऊ शकतो. आतली दारू ओलसर झाली तर पुरेसा जोर राहत नाही आणि वॅड नळीत राहतो. ती उघडू नका, दारू काढू नका, कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका; आर्म्स डीलरकडे किंवा पोलिस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्या.

नवी घेताना तीन गोष्टी बघायच्या: लांबी, दाब, छर्रा. खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं ६५ आणि ७० मिमी अशा दोन्ही मापांत निघत आली आहेत. चेंबर ७० पेक्षा आखूड निघालं तर ६५ मिमीचीच घ्या; ७० निघालं तरी ६५ चालतात. उलटं चालत नाही. दुकानदार ‘साहेब, सगळे हेच नेतात’ म्हणाला तरी डब्यावरचा आकडा स्वतः वाचा.

दाबाबाबत एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: छर्रे कमी, म्हणजे दाब कमी. २४ ग्रॅमचं ट्रॅपचं काडतूस खांद्याला हलकं लागतं, पण ते वेगवान जळणाऱ्या दारूने भरलेलं असेल तर चेंबरमधला दाब ३० ग्रॅमच्या काडतुसाइतका किंवा जास्तही असू शकतो. खांद्याला जो धक्का बसतो तो छर्‍याचं वजन आणि वेग यांचा. दाब हे वेगळं प्रकरण आहे. परदेशी डब्यांवर युरोपीय मानक छापलेलं असतं: साधं काडतूस कमाल ७४० बार (हा ‘बार’ दाबाचं एकक), जोरदार प्रकार १०५० बारपर्यंत. जुन्या बंदुकीला दुसऱ्या प्रकाराची सावलीसुद्धा नको. मॅग्नम लिहिलेलं, ७६ मिमीचं, किंवा स्टीलच्या छर्‍यांचं काडतूस बाजूला ठेवा. शिसं मऊ असतं, चोकमधून दबून जातं. स्टील दबत नाही. १८९७ च्या बऱ्याच नळ्या फुल चोकच्या आहेत, तोंडाशी साधारण १ मिमी आवळलेल्या. तिथे स्टीलचे छर्रे किंवा मापाला घट्ट बसणारी एकच गोळी आली तर तोंड फुगतं. रेंजवर सरावासाठी साडेसात किंवा आठ नंबरचे शिशाचे छर्रे, २८ ते ३० ग्रॅम, एवढं पुरे. एलजीचा (जाड छर्रे भरलेल्या काडतुसाचा) काही उपयोग नाही, उलट जबाबदारी वाढते. छर्रा किती लांब जातो याचा ढोबळ नियम: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, ८० ने गुणा, तेवढे मीटर. साडेसात नंबर २.४ मिमीचा, म्हणजे १९० मीटरच्या आसपास. एलजी ९ मिमीचा, म्हणजे ७०० मीटरच्या वर.

घरी भरलेली, कोणी गावाहून आणून दिलेली काडतुसं कितीही ‘पक्की’ असली तरी नकोत. आणि बारा बोअर वापरणाऱ्याच्या खिशात वीस बोअरचं काडतूस (ते बारापेक्षा बारीक असतं) कधीच असू नये. ते बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून निमुळत्या भागात अडकतं, मागून चेंबर रिकामं दिसतं, माणूस त्यावर बारा बोअरचं घालतो, आणि नळी डाव्या हाताजवळ फाटते. वीस बोअरची टरफलं पिवळी करण्याचा प्रघात याच कारणाने पडला.

कुठे उडवायची? ठाणे-नवी मुंबईत ज्या १० मीटरच्या एअर रायफल रेंज आहेत तिथे बारा बोअर चालत नाही. शॉटगनला परवानगी असलेल्या मान्यताप्राप्त रेंजवर आधी फोन करून बंदुकीचं मॉडेल आणि काडतूस सांगा. येऊरच्या मागे, पनवेलकडे कर्नाळ्याच्या बाजूला, किंवा खाडीवर ‘एकदा उडवून बघू’ हा विचार डोक्यातून काढा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे चाचणी म्हणून केलेला बारही शिकारीच्या संशयात बसेल. लग्नात किंवा दिवाळीत हवेत बार काढणं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेताना बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या डब्यात, मूळ लायसन्स जवळ. लायसन्सवर कोणत्या क्षेत्राची मुभा आहे आणि एका वेळी किती काडतुसं बाळगता येतात ते निघण्याआधी वाचा. नळी कापून आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो थेट शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये जातो.

पहिल्या दिवशी चेंबर आणि नळी सुक्या फडक्याने पुसून कोरडी करा. चेंबरला तेल राहिलं तर टरफल भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. या बंदुकीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. मॅगझिन रिकामं ठेवून बाजूच्या खिडकीतून एकच काडतूस चेंबरमध्ये घाला, बोट बाहेर ठेवून दस्ता पुढे न्या, नळी लक्ष्याकडे, मग बार. दस्ता पुरता मागे येईपर्यंत ओढा. अर्धवट ओढला की टरफल अडकतं आणि दोष बंदुकीवर जातो.

ते टरफल उचलून नीट बघा. तोंडाच्या पाकळ्या फाटक्या, झिरमिळ्या किंवा वितळल्यासारख्या असतील तर मापात काहीही निघालेलं असो, काडतूस चेंबरला लांब पडतं आहे, थांबा. टोपी सपाट होऊन कडा पसरल्या असतील, टोपीला भोक पडलं असेल, ती बुडातून बाहेर आली असेल, पितळी कड फुगली किंवा तडकली असेल, टरफल काढायला जोर लागला असेल: या प्रत्येकाला एकच उत्तर, बंदूक गनस्मिथकडे. पाच-सहा टरफलं एकसारखी स्वच्छ निघाली की मॅगझिनमध्ये दोन घाला आणि काडतूस वर चढण्याची चाल बघा. आखूड चेंबरच्या बंदुकीत ७० मिमीचं उलगडलेलं टरफल खिडकीच्या कडेला अडतं, तेही याच वेळी लक्षात येतं.

चाप दाबला आणि काहीच झालं नाही तर बंदूक खांद्यावरून न उतरवता, तोंड लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा. दारू उशिरा पेटू शकते. या बंदुकीत एक नामी व्यवस्था आहे: बार झाला की धक्क्याने कुलूप सुटतं, पण टोपी नुसती टिचकली आणि धक्का बसला नाही तर दस्ता मागे येत नाही, तो आधी किंचित पुढे ढकलावा लागतो. त्यामुळे घाईघाईने जिवंत काडतूस उघडलं जात नाही. नवखा माणूस मात्र ‘अडकली’ म्हणून जोर लावतो. मिनिट झाल्यावर दस्ता जरा पुढे दाबा, मग मागे घ्या. घोडा ताणलेला असताना उघडायची असेल तर रिसीव्हरच्या उजव्या अंगाचं छोटं बटण दाबा.

याहून वाईट म्हणजे फुसका बार: आवाज बसका, धक्का नाही, तोंडातून धूर रेंगाळतोय. पुढचं काडतूस अजिबात घालू नका. बंदूक पूर्ण रिकामी करा, मॅगझिनही, आणि मागून नळीत उजेड टाकून बघा. वॅड आत असेल तर लाकडी किंवा पितळी काठीने चेंबरच्या दिशेने ढकलून काढा. त्यावर दुसरा बार केला तर नळी फुगण्यावर भागलं तर नशीब म्हणायचं.

घरी आल्यावर नळी फॉस्फर ब्रॉन्झच्या ब्रशने घासून शिसं काढा, सुकं फडकं, मग पातळ तेलाचा हात. चामडी किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, ती कव्हरं जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतात आणि कव्हर जिथे टेकतं तिथेच आधी गंज येतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फडकं फिरवा. दुकानात कोणी सुचवेल की चेंबर आखूड निघालं तर रीमर (आतून धातू खरवडणारं हत्यार) घालून ७० मिमीचं करून टाका. ६५ मिमीची काडतुसं मिळत असताना नळी सगळ्यात जास्त दाबाच्या जागी पातळ करण्यात काय अर्थ आहे?